डावीला लाल, उजवीला हिरवा

होडीची डावी-उजवी तिच्यात बसलेल्या माणसाच्या तोंडावर ठरत नाही. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केले की डाव्या हाताला येते ती होडीची डावी आणि उजव्या हाताला येते ती उजवी. मग माणूस कुठेही तोंड करून बसलेला असो. नाळेकडे पाठ करून वल्हवणाऱ्याचा डावा हात होडीच्या उजव्या कडेला असतो. पिछाडीला सुकाणू धरून बसलेला तांडेल पुढे पाहतो, म्हणून त्याची आणि होडीची उजवी एकच. अंधारात, वाऱ्यात, घाईत ‘उजवीकडे घे’ असे ओरडल्यावर कोणाची उजवी हा प्रश्नच उरू नये, यासाठी जहाजाच्या दोन अंगांना स्वतंत्र नावे पडली. डावी ती पोर्ट, उजवी ती स्टारबोर्ड.

या नावांचे मूळ असे: उत्तर युरोपातल्या जुन्या गलबतांना मागे मधोमध सुकाणू नसे. उजव्या अंगाला टांगलेल्या रुंद वल्ह्याने ती वळवत. हे वल्हे धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून गलबत डाव्या अंगाने धक्क्याला लावत. डावीला पूर्वी लार्बोर्ड म्हणत. पण वादळात लार्बोर्ड आणि स्टारबोर्ड एकसारखेच ऐकू येतात, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये लार्बोर्ड बाद करून पोर्ट पक्के केले. ब्रिटिश जहाजांवर राबणाऱ्या हिंदी खलाशांनी मात्र आपल्या बोलीत उजवीला ‘जमना’ आणि डावीला ‘डावा’ म्हणत काम भागवले.

नावे ठरली तरी गोंधळ लगेच संपला नाही. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश जहाजांवर ‘स्टारबोर्ड’ असा हुकूम दिला की सुकाणूचा दांडा उजवीकडे जाई आणि जहाज डावीकडे वळे. १९१२ मध्ये हिमनग दिसल्यावर टायटॅनिकवर सुटलेला हुकूम ‘हार्ड अ स्टारबोर्ड’ असा होता आणि त्यानुसार जहाज बरोबर डावीकडेच वळले. जिकडचे नाव तिकडेच जहाज वळावे, हा साधा नियम त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी रूढ झाला.

शिडांच्या काळात समोरचे गलबत कुठे जाईल हे बरेचसे वाराच सांगत असे. वाफेच्या जहाजांनी तो आधार काढून घेतला. वाऱ्याच्या विरुद्ध, रात्रीबेरात्री, वेगाने येणारे जहाज कुठल्या दिशेने निघाले आहे हे कळायला मार्ग राहिला नाही, आणि टकरी वाढल्या. लंडनच्या ट्रिनिटी हाउस या नौकानयन संस्थेने १८४० मध्ये नियम घातला की समोरासमोर आलेल्या दोन आगबोटींनी एकमेकींना डाव्या अंगाला ठेवून जावे, म्हणजे दोघींनी उजवीकडे सरावे. १८४८ मध्ये ब्रिटिश नौदल खात्याने आगबोटींना डोलकाठीवर पांढरा, डावीला लाल आणि उजवीला हिरवा दिवा लावायला सांगितले. शिडाच्या जहाजांना हे रंगीत दिवे १८५८ मध्ये लागू झाले. १८६३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने एक नियमावली ठरवली आणि ती पुढे अनेक देशांनी उचलली. आज जगभर चालतात ते नियम २० ऑक्टोबर १९७२ रोजी लंडनमध्ये संमत झाले आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आले. भारतात समुद्री जहाजांसाठी १९७५ ची नियमावली आहे. नद्या आणि अंतर्गत जलमार्गांवरच्या बोटी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येतात.

दिवा लावायचा तो दुसऱ्याला आपण दिसावे म्हणून, एवढेच जमिनीवरच्या माणसाच्या मनात असते. समुद्रावरचा दिवा त्याहून अधिक सांगतो: आपले कोणते अंग बघणाऱ्याकडे आहे. त्यासाठी प्रत्येक दिव्याचा कोन बांधून दिला आहे. लाल आणि हिरवा दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसतो. नाळेच्या थेट समोरून सुरुवात करून बाजूच्या आडव्या रेषेच्या मागे २२.५ अंशांपर्यंत. डोलकाठीवरचा पांढरा दिवा या दोन्हींची बेरीज, म्हणजे २२५ अंश, व्यापतो. उरलेले १३५ अंश पिछाडीच्या पांढऱ्या दिव्याचे. आकडे विचित्र वाटतात ते जुन्या होकायंत्रामुळे. त्या होकायंत्राची तबकडी बत्तीस भागांत वाटलेली असे, एक भाग ११.२५ अंशांचा. बाजूचे दिवे दहा-दहा भागांचे, डोलकाठीचा वीस, पिछाडीचा बारा. विमानालाही डाव्या पंखावर लाल आणि उजव्यावर हिरवा दिवा असतो, तो समुद्रावरूनच तिकडे गेलेला. सांताक्रूझला रात्री उतरणारे विमान पाहूनही हा धडा गिरवता येतो.

आता हे वाचायचे कसे? लाल आणि हिरवा दोन्ही दिसले, वर पांढरा दिसला, तर समोरची बोट थेट अंगावर येते आहे. नुसता लाल दिसला तर तिचे डावे अंग आपल्याकडे आहे, म्हणजे ती आपल्या उजवीकडून डावीकडे चालली आहे. नुसता हिरवा दिसला तर उलट. नुसता पांढरा दिसला तर बहुधा तिची पाठ आपल्याकडे आहे आणि आपण तिला मागून गाठतो आहोत. पण एकटा पांढरा दिवा हा समुद्रावरचा सर्वांत फसवा दिवा. नांगरलेली बोटही पांढराच दिवा लावते, आणि सात मीटरपेक्षा लहान, सात नॉटपेक्षा अधिक वेगाने न जाणाऱ्या यांत्रिक होडीला एका चौफेर पांढऱ्या दिव्यावर भागवायची मुभा आहे. त्यामुळे तो दिवा जवळ येतो आहे की लांब जातो आहे, हे थोडा वेळ बघितल्याशिवाय काहीच ठरवू नये.

पन्नास मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला डोलकाठीचे दोन पांढरे दिवे लागतात, पुढचा खाली आणि मागचा वर. रात्री जाणकार आधी बघतो ते हे दोन. खालचा दिवा वरच्याच्या ज्या बाजूला असेल त्या बाजूला जहाजाची नाळ. दोन्ही एका उभ्या रेषेत आले की जहाज आपल्यावर रोखलेले आहे. दोघांतले अंतर वाढू लागले की ते वळते आहे. हे कळायला रंगीत दिवे दिसण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि त्यातच फायदा आहे: एवढ्या जहाजाचे डोलकाठीचे दिवे सहा सागरी मैलांवरून दिसतील इतके तेजस्वी असावे लागतात, बाजूचे दिवे मात्र तीन मैलांचे. सागरी मैल १,८५२ मीटरचा आणि ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. पंधरा नॉटने येणारी दोन जहाजे समोरासमोर असली तर ती तीस नॉटने जवळ येतात. सहा मैल बारा मिनिटांत संपतात, तीन मैल सहा मिनिटांत.

लहान बोटीचे गणित याहून कठोर आहे. बारा मीटरपेक्षा लहान बोटीचे लाल-हिरवे दिवे एका मैलावरून दिसले तरी नियमाला पुरे. खुल्या समुद्रात अठरा नॉटने येणारे कंटेनर जहाज आणि आठ नॉटने जाणारी बोट समोरासमोर असतील, तर तो एक मैल अडीच मिनिटांच्या आत संपतो. नियम पाळूनही एवढाच अवधी मिळतो. दिव्यावर मीठ साचले असेल, बॅटरी उतरली असेल किंवा समोर जाळ्यांचा ढीग आला असेल, तर तोही मिळत नाही. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत या दिव्यांत घोळ होईल असे दुसरे दिवे लावू नयेत, हेही नियमातच आहे. लाँचच्या कठड्यावर रंगीत माळा सोडणारे हौशी लोक आपल्या बोटीचे डावे-उजवे स्वतःच्या हाताने पुसून टाकतात.

दिवे वाचता आले की पुढचा प्रश्न असा की टक्कर होणार आहे का. याची कसोटी एका वाक्यात मावते. दुसरी बोट जवळ येते आहे आणि तिची दिशा बदलत नाही, तर धोका आहे. दिशा होकायंत्राने मोजायची. होकायंत्र नसेल तर आपला मार्ग सरळ ठेवून, एकाच जागी बसून, कठड्याचा एखादा खांब आणि ती बोट एका रेषेत धरायची. ती खांबाच्या पुढे सरकत गेली तर आपल्या पुढून जाईल, मागे सरकत गेली तर मागून. खांबाला चिकटून मोठी होत राहिली तर दोघींची गाठ पडणार. फार मोठे जहाज किंवा दोरावर बार्ज ओढणारा टग जवळ असेल तर दिशा बदलत असतानाही धोका राहतो, कारण अशा वेळी एका टोकाची दिशा पाहून सगळ्या लांबीचा अंदाज येत नाही. शंका आली तर धोका आहे असेच धरायचे, असे नियम सांगतो.

गाठी तीन तऱ्हेच्या. पहिली, मागून गाठणे. दुसऱ्या बोटीच्या आडव्या रेषेमागे २२.५ अंशांहून अधिक मागून जी येते, म्हणजे जिला रात्री पुढच्या बोटीचा फक्त पिछाडीचा दिवा दिसेल, ती गाठणारी. तिने बाजूने जायचे, आणि पूर्ण पुढे निघून मोकळी होईपर्यंत ही जबाबदारी तिच्यावरून उतरत नाही. इथे शीड, इंजीन असा भेद नाही. शिडाची होडी वाऱ्यावर स्वार होऊन संथ लाँचला गाठत असेल तर सरायचे शिडाच्या होडीनेच.

दुसरी, समोरासमोर. दोन यांत्रिक बोटी नाकासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळायचे आणि एकमेकींना डाव्या अंगाला ठेवून जायचे. भारतात रस्त्यावर डावीकडून चालवायची सवय हाडीमाशी खिळलेली असते, ती इथे उलटी पडते. पोर्ट-स्टारबोर्ड हे शब्द इतके जपले जातात त्यात हाही एक लाभ आहे की रस्त्यावरची सवय त्यांच्यासोबत बोटीवर चढत नाही.

तिसरी, आडवी गाठ. दोन यांत्रिक बोटींचे मार्ग एकमेकांना छेदत असतील तर जिच्या उजव्या अंगाला दुसरी आहे तिने वाट द्यायची, आणि शक्यतो तिच्या पुढून न जाता मागून जायचे. दिव्यांची मांडणी आणि नियम इथे एकमेकांत चपखल बसतात. उजवीकडून आडव्या येणाऱ्या बोटीचे डावे अंग आपल्याकडे असते, म्हणून आपल्याला तिचा लाल दिवा दिसतो. लाल दिसला की आपण सरायचे. तिला त्याच वेळी आपला हिरवा दिसतो. तिने चालत राहायचे. नियम न पाठ केलेल्या सारंगालाही एवढे लक्षात राहिले तर पुष्कळ काम भागते.

चालत राहणारी ती मोकळी, असे मात्र समजू नये. रस्त्यावर ‘पहिला हक्क’ म्हणतो तसा हक्क आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत कोणालाच दिलेला नाही. तिथे दोन कर्तव्ये आहेत. एकीने वाट द्यायची. तीही वेळेत आणि समोरच्याला स्पष्ट दिसेल एवढे मोठे वळण घेऊन. चार-पाच अंशांचे चोरटे वळण समोरच्या जहाजावरून कळत नाही, रडारवर तर मुळीच नाही. दुसरीने, म्हणजे वाट धरणारीने, आपली दिशा आणि वेग कायम राखायचा, कारण पहिलीचा सगळा हिशेब त्यावर उभा असतो. वाट धरणारी मधेच वळली किंवा सौजन्य म्हणून थांबली तर पहिलीने घेतलेले वळणच धोक्याचे होते. समोरची काही करत नाही हे दिसू लागले की वाट धरणारीला स्वतः हालचाल करायची मुभा मिळते. समोरचीने एकटीने काही केले तरी आता टक्कर टळणार नाही इतके अंतर घटले की ती मुभा राहत नाही, सक्ती होते. मधल्या काळात वळायचे झाल्यास, डाव्या अंगाला असलेल्या बोटीसाठी शक्यतो डावीकडे वळू नये. उशिरा जागी झालेली ती बोट नियमाप्रमाणे उजवीकडे वळणार, आणि दोघी एकाच जागेत शिरणार. नियम बोटींचा नाही, त्यांच्यावरच्या दोन माणसांच्या अंदाजाचा आहे. दुसरा काय करील हे पहिल्याला आधीच ठाऊक असावे, एवढ्यासाठी ही सगळी रचना.

शिडाच्या दोन होड्यांचे नियम वाऱ्यावर चालतात. एकीला वारा डाव्या अंगावर आणि दुसरीला उजव्या अंगावर असेल तर डाव्या अंगावर वारा घेणारीने सरायचे. दोघींना वारा एकाच अंगावर असेल तर वाऱ्याच्या बाजूला असलेलीने वाऱ्याखालच्या होडीला वाट द्यायची. शीड आणि इंजीन या दोन्हींवर चाललेली होडी नियमाच्या दृष्टीने यांत्रिक असते, आणि दिवसा तिने टोक खाली केलेला काळा शंकू पुढे टांगावा लागतो. शीड फडफडते आहे तोवर आपल्याला सगळे वाट देतील असे मानणाऱ्यांची संख्या कमी नाही. खाली इंजीन घुरघुरत असले की तो समज निकामी.

वेगवेगळ्या जातींच्या बोटी भेटल्या तर जिला वळायला अधिक अडचण तिला वाट, हे सूत्र. यांत्रिक बोट शिडाच्या होडीला वाट देते, शिडाची होडी मासेमारीत गुंतलेल्या बोटीला. ड्रेजर, पाण्याखाली केबल टाकणारे जहाज अशा कामामुळे अडकलेल्यांना, तसेच बिघाडामुळे ताब्यात नसलेल्या जहाजांना तिघीही वाट देतात. ताब्यात नसलेले जहाज रात्री एकावर एक दोन लाल दिवे लावते, दिवसा दोन काळे गोळे टांगते. कामात अडकलेल्याचे दिवे लाल-पांढरा-लाल. खोल बुडीमुळे अरुंद पाण्यात वळू न शकणारे जहाज तीन लाल दिवे लावू शकते. पांढऱ्याखाली लाल दिसला तर ती पायलटची बोट.

ताबा सुटल्याची खूण टांगायला वेळ मिळाला तरच ती खूण कामाची. १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर आदळली. इंजिनात बिघाड होऊन बोटीवरचा ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. पंधरा जणांचे प्राण गेले. कोणी कोणाला वाट द्यायची हा प्रश्न तिथे लागूच पडत नव्हता. त्याआधीचे नियम मात्र लागू होते: डोळ्यांनी, कानांनी आणि असेल त्या साधनांनी सतत टेहळणी ठेवणे, आणि भोवतालची गर्दी पाहून सुरक्षित वेग राखणे. हे दोन्ही नियम रात्र, दिवस, धुके, उजेड असा भेद न करता प्रत्येक बोटीला लागू आहेत, आणि पुस्तकात वाट देण्याच्या नियमांच्या आधी येतात.

कोकण किनाऱ्यावर सर्वांत जास्त प्रश्न मच्छीमार बोटींचे. नियमाच्या भाषेत मासेमारीत गुंतलेली बोट म्हणजे जिची जाळी किंवा दोर तिला मोकळेपणी वळू देत नाहीत अशी बोट. ससून डॉकवरून बाहेर पडून मासळीच्या जागेकडे चाललेला ट्रॉलर त्या वेळी साधी यांत्रिक बोट असतो आणि त्याने इतरांप्रमाणेच वाट द्यायची असते. जाळे पाण्यात गेले की त्याचा दर्जा बदलतो. ट्रॉल ओढणाऱ्याने पांढऱ्यावर हिरवा दिवा लावायचा, इतर जाळ्यांच्या बोटींनी पांढऱ्यावर लाल. दिवसा दोन काळे शंकू, टोकाला टोक जोडून. ट्रॉलशिवाय इतर जाळी बोटीपासून आडवी दीडशे मीटरच्या पुढे पसरली असतील तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा. वाहत्या जाळ्यांना हे हटकून लागू होते. प्रत्यक्षात डेकवर काम दिसावे म्हणून लावलेल्या प्रखर दिव्यांत हे रंग बुडून जातात. दुरून पाहणाऱ्या जहाजाला तिथे एक उजेडाचा ठिपका दिसतो; बोटीची नाळ कुठे, जाळे कुठल्या बाजूला, काही कळत नाही.

मोठ्या जहाजाच्या बाजूनेही पाहायला हवे. नाळेसमोरचे पाणी ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या उंच जागेवरून, दिसावे यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण तोही जहाजाच्या लांबीच्या दुप्पट किंवा पाचशे मीटर, यांपैकी जे कमी असेल तेवढे पाणी नजरेआड राहू देतो. कंटेनर रचलेल्या जहाजाच्या नाळेपुढे पाचशे मीटरच्या आत आलेली लाकडी बोट वरच्या माणसाला दिसतच नसेल, ही शक्यता कायद्यानेच मान्य केलेली आहे. आणि दिसली तरी भरलेले जहाज काही किलोमीटर गेल्याशिवाय थांबत नाही. एप्रिल २०२१ मध्ये मंगळुरूपासून सुमारे ४३ सागरी मैलांवर ‘एपीएल ल हाव्र’ हे कंटेनर जहाज आणि ‘रबाह’ ही मच्छीमार बोट यांची रात्री टक्कर झाली. बोटीवर चौदा जण होते. दोघांनाच वाचवता आले. मासेमारीत गुंतलेल्या बोटीला जहाजाने वाट द्यावी हे नियमात आहे आणि ते बरोबरच आहे. पण सगळ्या खलाशांनी झोपून बोट लाटांवर सोडून द्यावी, एवढी हमी त्यात नाही.

अरुंद पाण्यात ही उतरंड बदलते. चॅनलमध्ये प्रत्येकाने आपल्या उजव्या काठाला धरून चालायचे. वीस मीटरपेक्षा लहान बोट, शिडाची होडी आणि मासेमारी करणारी बोट यांनी चॅनलखेरीज कुठेही न जाऊ शकणाऱ्या जहाजाला अडवायचे नाही. त्याच्या आडवे जायचे तर त्याला अडथळा होणार नाही अशा बेताने. गेटवेहून मांडव्याकडे जाणाऱ्या लाँचला हे रोजच करावे लागते, कारण मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा यांची मोठी जहाजे ज्या खोल चॅनलने ये-जा करतात तो ओलांडल्याशिवाय पलीकडचा किनारा येत नाही. चॅनलच्या कडा बोयांनी आखलेल्या असतात. बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल डबा, उजव्या हाताला हिरवा शंकू. रात्री त्यांचे दिवेही त्याच रंगांचे. बाहेर पडताना अर्थातच उलट. अमेरिका खंडांत, जपानमध्ये, कोरियात आणि फिलिपिन्समध्ये मात्र शिरताना लाल उजवीकडे येतो. बोटीवरचे दिवे जगभर एक, बोये दोन तऱ्हेचे. १९८० च्या करारात दोन्ही गटांना एका पद्धतीत आणताना रंगांचा हा तिढा तसाच सोडावा लागला.

मुंबईच्या या चॅनलमधली टक्कर काय करू शकते ते ७ ऑगस्ट २०१० रोजी दिसले. न्हावा-शेव्याहून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया-३’ सकाळच्या उजेडात एकमेकांवर आदळले. चित्रा कलंडले, त्याचे इंधन समुद्रात पसरले, शेकडो कंटेनर पाण्यात पडून चॅनलमध्ये तरंगू लागले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. किनाऱ्यावरच्या खारफुटीत तेल शिरले आणि मुंबईकरांनी काही काळ मासळीकडे पाठ फिरवली. त्याचा फटका बसला तो टकरीशी काहीच संबंध नसलेल्या कोळीवाड्यांना.

एकमेकांना दिसत असलेली यांत्रिक जहाजे आपला इरादा भोंग्यानेही सांगतात. एक छोटा आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतो आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे माझे इंजीन उलटे चालवतो आहे. पाच किंवा अधिक तुटक आवाज म्हणजे तुमचे काय चालले आहे ते मला कळत नाही. व्यवहारात पहिल्या तिन्हींपेक्षा हाच अधिक मोलाचा. छोटा आवाज सुमारे एका सेकंदाचा, लांब चार ते सहा सेकंदांचा. आजकाल हे काम रेडिओवर बोलून उरकतात, पण गर्दीच्या बंदरात ‘समोरचे जहाज’ म्हणून हाक मारली की भलत्यानेच ओ द्यावी, असेही घडते.

धुक्यात किंवा मुसळधार पावसात भोंग्याची भाषा बदलते. पाणी कापत चाललेले यांत्रिक जहाज जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब आवाज देते. चालू असूनही थांबून राहिलेले दोन लांब. शिडाची, मासेमारीची, ताब्यात नसलेली, कामात अडकलेली सगळी एक लांब आणि दोन छोटे देतात. सर्वांत मोठा बदल वेगळाच आहे. वाट देणारी आणि वाट धरणारी हा सगळा भेद बोटी एकमेकींना डोळ्यांनी दिसत असतील तरच चालतो. रडारवरचा ठिपका म्हणजे दिसणे नव्हे. धुक्यात कोणीच वाट धरणारे नसते. प्रत्येकाने वेग उतरवायचा आणि प्रत्येकाने टाळायचे.

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ इटलीचे ‘आंद्रेआ दोरिया’ न्यूयॉर्ककडे चालले होते आणि स्वीडनचे ‘स्टॉकहोम’ न्यूयॉर्कहून निघाले होते. दोघांवर रडार होते आणि दोघांना दुसरे जहाज रडारवर बऱ्याच आधी दिसले होते. आंद्रेआ दोरिया धुक्यात असूनही सुमारे बावीस नॉटने धावत होते. त्याच्या कप्तानाने समोरचे जहाज आपल्या उजवीकडून जाईल असे धरून अंतर वाढवायला थोडे डावीकडे वळवले. चार अंशांचे ते वळण रडारवर कोणाला कळण्याजोगे नव्हते. स्टॉकहोमवरच्या अधिकाऱ्याने समोरचे जहाज आपल्या डावीकडे आहे असे मानून उजवीकडे वळवले. दिवे नजरेस पडले तेव्हा आंद्रेआ दोरियाने पूर्ण डावीकडे सुकाणू फिरवले आणि स्टॉकहोमने पूर्ण उजवीकडे. स्टॉकहोमची नाळ दोरियाच्या उजव्या अंगात शिरली. एक्कावन्न माणसे गेली. आंद्रेआ दोरिया दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवले नाही, प्रकरण आपसांत मिटले. १९६० च्या नियमांना रडारच्या वापराविषयीच्या सूचना जोडल्या गेल्या. १९७२ च्या नियमांतला एकोणिसावा नियम सांगतो की धुक्यात रडारवर आपल्या आडव्या रेषेच्या पुढे दिसणाऱ्या जहाजासाठी, आपण त्याला मागून गाठत नसू तर, शक्यतो डावीकडे वळू नये. आणि पुढून धुक्याचा भोंगा ऐकू आला आणि टकरीचा धोका नाही याची खात्री नसेल, तर वेग सुकाणू लागू राहील इतका कमी करावा, गरज पडल्यास जहाज पुरते थांबवावे.